गट (gut, म्हणजे आतडं) मायक्रोबायोम टेस्ट किट: पाचपैकी दोन स्टार

कंपनीचं नाव घेत नाही. घरबसल्या शीचा नमुना पाठवायचा आणि पोटातल्या जीवाणूंचा रिपोर्ट घ्यायचा, असलं किट घेतलं, खरं तर दोन घेतली कारण ऑफर होती, आणि मग डोक्यात किडा वळवळला. एकाच वेळचा नमुना दोन्ही ट्यूबमध्ये भरला, एक माझ्या नावाने, एक बायकोच्या. पॅकिंग मस्त, ट्यूबमध्ये नमुना टिकवणारं द्रव असतं त्यामुळे बर्फाची भानगड नाही, आणि ती छोटी काडी... जाऊ दे, कोणी जेवताना वाचत असेल.

रिपोर्ट आले. मला 'गट स्कोअर' ७१, बायकोला ५८. शी तीच! वर तिला त्यांच्याच प्रोबायोटिक कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स.

थोडा फरक पडणार हे मान्य, शीमध्ये सगळीकडे जंतू सारखे पसरलेले नसतात, त्यात हे १६एस सिक्वेन्सिंग, म्हणजे जीवाणूचा एकच जीन वाचून कोण ते ओळखायचं, बऱ्याचदा नेमक्या जातीपर्यंत पोचतच नाही. पण मग मार्क कशाच्या जिवावर देता? ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने २४२ धडधाकट लोक तपासले, २०१२ ला निकाल आला, तर प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. निरोगी पोटाची ठरलेली उत्तरपत्रिकाच नाहीये. आणि अ‍ॅपमध्ये अजून 'पेशींच्या दहापट जंतू' लिहिलंय! २०१६ सालीच नवा हिशोब आला की जंतू साधारण ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच.

दोन स्टार कच्चा डेटा डाउनलोड करता येतो म्हणून. जंतूंची यादी बघताना मजा येते, हे सगळे भाडेकरू आपलेच.

पण डेटा 'नाव काढून' रिसर्चला देण्याची परवानगी मागतात तिथे टिक करण्याआधी दोनदा विचार करा. २०१५ च्या एका अभ्यासात नुसत्या पोटातल्या जंतूंवरून ८० टक्क्यांहून जास्त माणसं पुन्हा ओळखता आली होती, काही तर वर्षभराने. नाव काढून काय उपयोग?

या किटवाल्या कंपनीला मात्र दोन ट्यूब एकाच माणसाच्या आहेत हे कळलं नाही. दोन्ही रिपोर्ट जोडून मेल केला, एवढा फरक कसा म्हणून. उत्तर आलं, "सर, पतीपत्नींचे स्कोअर वेगळे येणं नॉर्मल आहे."