कॅटवुमन, लेखक ब्रुबेकर आणि चित्रकार डार्विन कुकवालं कॉमिक
"बॅटमॅनची ती मांजरवाली" एवढंच माहीत असेल तर हे घ्याच. १९४० पासून कॉमिक्समधे असलेली सेलिना काईल, म्हणजेच कॅटवुमन, इथे मेलीये असं सगळे धरून चाललेत, तरी बॅटमॅनच्या गॉथम शहराचा महापौर स्लॅम ब्रॅडली नावाच्या जुन्या प्रायव्हेट डिटेक्टिव्हला तिच्या मागे लावतो, आता महापौराला एका चोरणीची एवढी काळजी का ते तुम्हीच वाचा. पुढे गॉथमच्या ईस्ट एंड वस्तीत धंदा करणाऱ्या बायकांचे खून पडतायत आणि पोलिसांना काही पडलेलीच नाही, मग काय, चोरच राखणदार! कुकची चित्रं एक नंबर, साधं काळं लेदर आणि डोळ्यावर गॉगल, झाला कॉस्च्युम. नंतर चित्रकार बदलतो तिथे जरा मजा जाते, पण भ्रष्ट पोलिसांची स्टोरी तिथेच आहे त्यामुळे सोडू नका.