डीडीआर५-६००० रॅम: अकरा महिने, तीन बायोस अपडेट आणि अकोल्याचा एक उन्हाळा

आधी सामान सांगतो. रायझन ७ ७७००, बी६५० चिपसेटचा मधल्या किमतीचा मदरबोर्ड, आणि ज्यासाठी हे लिहायला बसलोय ती रॅम: १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५-६००० (डीडीआर५ ही रॅमची पिढी, ६००० हा वेग), सीएल३०, १.३५ व्होल्ट. बोर्ड आणि रॅम कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण शिव्या घालून झाल्यावर निम्मा दोष माझाच निघाला. धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा. गाव अकोला, आणि या गोष्टीत गावाचाही हात आहे.

दिवाळीत पीसी जोडला. पहिल्यांदा चालू केला तर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, बोर्डवरचा रॅमचा दिवा पिवळा. मी घाबरून बंद केला. परत चालू, परत तेच, परत बंद. तिसऱ्यांदा चहा करायला आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा, स्क्रीन समोर. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःला बोर्डाशी जुळवून घेते, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. मी दोनदा मध्येच बटण दाबून ते ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू करायला लावलं होतं. तेव्हा नवीन असाल तर चालू करा आणि चहा करा.

एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅममध्ये कंपनीनं आधीच भरून ठेवलेली वेगवान सेटिंग, चालू केलं की रॅम ४८०० वरून ६००० वर जाते. हा आकडा खरं तर सेकंदाला किती वेळा डेटा हलतो त्याचा आहे, घड्याळ त्याच्या निम्म्याने म्हणजे ३००० मेगाहर्ट्झनं चालतं. सीएल३० म्हणजे डेटा मागितल्यावर अशा ३० टिकटिकी थांबायचं, म्हणजेच १० नॅनोसेकंद. ४८०० सीएल४० वर हाच आकडा जवळपास १६.७ होतो. आणि या प्रोसेसरचा अधिकृत वेग दोन स्टिकसाठी ५२०० आहे, चार लावल्या तर ३६००! ६००० हे मुळात ओव्हरक्लॉकच आहे, डब्यावर कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असो. हे मला विकत घेताना कोणी सांगितलं नव्हतं. चार स्टिक घ्यायच्या विचारात असाल तर दोनच मोठ्या घ्या, एवढं एक वाक्य वाचलं तरी तुमचे पैसे वसूल.

एक्स्पोवर थांबलो असतो तर हा लेख दोन ओळींचा झाला असता. पण डिसेंबरात काम कमी असतं आणि हात शिवशिवतात.

एक्स्पो मोजकेच आकडे भरतं, ३०-३८-३८-९६ वगैरे. बाकीचे बरेचसे बोर्ड स्वतः ठरवतो, आणि एकूणच आकडे फार सावध असतात. त्यातले दोन महत्त्वाचे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो सतत गळत असतो, माठासारखा. म्हणून ठराविक वेळानं त्याला पुन्हा भरावं लागतं. किती वेळानं, हे टी-रेफी सांगतो; भरायला किती वेळ, हे टी-आरएफसी. भरणं चालू असताना रॅम दुसरं काम करत नाही. माझ्याकडे मूळ आकडे होते सुमारे ११,७०० आणि ८८५ टिकटिकी, म्हणजे दर ३.९ मायक्रोसेकंदाला २९५ नॅनोसेकंद काम बंद. हिशेब केला तर साडेसात टक्के वेळ नुसता पाणी भरण्यात. माझ्या स्टिकवर हायनिक्सच्या चिप आहेत आणि त्यांना टी-आरएफसी बराच खाली चालतो, म्हणून ४८० केला. आणि टी-रेफी सरळ बायोस घेईल तितका, ६५,५३५. आता पाणी भरण्यात एक टक्कासुद्धा जात नव्हता. लेटन्सी, म्हणजे प्रोसेसरनं डेटा मागितल्यापासून हातात येईपर्यंतचा सगळा वेळ, ७४ नॅनोसेकंदावरून ६५ वर आली. रात्रभर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं, एकही चूक नाही. मी खूश.

फायदा किती झाला ते प्रामाणिकपणे सांगतो. व्हिडिओ एक्स्पोर्टमध्ये फरक घड्याळ लावून बघावा लागतो, कारण तिथे काम ग्राफिक्स कार्ड करतं. भाचा येऊन गेम खेळतो, तो म्हणाला, अटकणं कमी झालंय. बस्स. नऊ नॅनोसेकंद हे मुख्यतः माझ्या समाधानासाठी होते.

जानेवारीत पहिला बायोस अपडेट मारला. दोन धडे. पहिला, अपडेटनंतर सगळी सेटिंग पुसली जातात आणि बायोसमध्येच जतन केलेली प्रोफाइलं नव्या आवृत्तीत चालतील याची खात्री नाही. माझं दिसत होतं, लोड होत नव्हतं. मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून एकेक आकडा पुन्हा टाइप केला. दुसरा, अपडेटनंतर बायोसनं एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करू का विचारलं आणि मी न वाचता वाय दाबलं. विंडोजनं लगेच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती बायकोच्या ईमेलवर निघाली, आणि ती तेव्हा शाळेत वर्ग घेत होती. साडेतीन तास मी कुलूपबंद पीसीसमोर बसून होतो. अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, किंवा निदान की कुठे आहे ते बघून ठेवा.

एप्रिलमध्ये दुसरा अपडेट. यावेळी मी शहाणा झालो होतो, सगळे आकडे वहीत लिहिलेले, पंधरा मिनिटांत काम संपलं. आठवड्याभरानं पहिली ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याची निळी पाटी) आली, त्यावर लिहिलेलं मेमरी मॅनेजमेंट. दोन दिवसांनी दुसरी. मग झिप फाइल उघडेना. आणि मग मूर्तिजापूरच्या एका लग्नाचा व्हिडिओ देऊन आलो त्या संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन: "भाऊ, सप्तपदीत पाचव्या पावलाला हे हिरवं काय आलंय?" बघितलं तर नवरदेवाच्या फेट्यावर हिरवा चौकोन, दोन सेकंद. मूळ शूटिंगमध्ये काहीच नाही. रॅममध्ये एखादा बिट उलटला की असं होतं. ब्लू स्क्रीन निदान तोंडावर सांगते, हे चोरासारखं येऊन जातं.

मला शंकाच नव्हती. अपडेट झाला, त्रास सुरू झाला, म्हणजे अपडेटमुळेच. बोर्डाच्या कंपनीला लांबलचक तक्रार लिहिली. मागच्या फ्लॅशबॅक बटणानं, पेन ड्राइव्ह लावून, जुनी आवृत्ती परत टाकली. तीन दिवस पीसी लोण्यासारखा चालला. मी विजयी मुद्रेनं पुण्यातल्या मित्राला सांगितलं, बघ, म्हटलं होतं ना.

चौथ्या दिवशी जुन्या बायोसवर ब्लू स्क्रीन.

त्या तीन दिवसांत अकोल्यात अवकाळी पाऊस पडत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं मित्राच्या. तो इतकंच म्हणाला, "क्रॅश किती वाजता होतात?" वही काढली. सगळे दुपारी एक ते पाचमध्ये. एकही रात्री नाही. मग त्यानं विचारलं की रॅमचं तापमान किती. मी म्हटलं रॅमला कुठे तापमान असतं. असतं! डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. भर दुपारी, बाहेर ४३, कूलरमधलं पाणी संपलेलं (खोलीतला कूलर, प्रोसेसरचा नव्हे), ग्राफिक्स कार्ड एक्स्पोर्टमध्ये पेटलेलं आणि त्याची गरम हवा थेट वर रॅमवर. एक स्टिक ६१, दुसरी ६३.

कपॅसिटर गरम झाला की जास्त वेगानं गळतो. म्हणूनच मानकातच सोय आहे की ८५ अंशांवर गेलं तर दुप्पट वेळा भरायचं. म्हणजे ३.९ मायक्रोसेकंदाचा मूळ आकडा बऱ्याच उकाड्याचा हिशेब धरून ठेवलेला आहे. मी तो ताणून जवळपास २२ मायक्रोसेकंद केला होता, आणि तो तपासला कधी? डिसेंबरच्या रात्री, खोलीत अठरा अंश असताना, ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असताना. उन्हाळ्यात माठाला किती वेळा पाणी लागतं हे हिवाळ्यात मोजलं. त्या रात्रभरच्या मेमटेस्टचा मला इतका अभिमान होता की मे महिन्यात पुन्हा चालवलं ते रात्रीच, आणि पुन्हा शून्य चुका आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला विंडोजमध्ये टेस्टमेम५ हे रॅम तपासणारं दुसरं सॉफ्टवेअर लावलं, सोबत ग्राफिक्सचा लोड. सव्वीस मिनिटांत पहिली चूक. टी-रेफी ३२,७६७ केला, बाकी काहीही हलवलं नाही, तीन तास चालवलं, स्वच्छ. मग एक १२० मिमीचा पंखा झिप टायनं रॅमच्या तोंडावर बांधला. दिसायला भयंकर दिसतो, पण तापमान ५२ च्या वर जात नाही. आता भरण्यात दीड टक्का वेळ जातो आणि लेटन्सी एखाद्या नॅनोसेकंदानं वाढली. कंपनीला दुसरं ईमेल लिहून तक्रार मागे घेतली. उत्तर दोन्हींना आलं नाही.

आता सगळा दोष माझाच म्हणून पुढच्या वेळीही बायोसला निर्दोष सोडायला निघालो होतो, तर ऑगस्टमधल्या तिसऱ्या अपडेटनं उलटं शिकवलं. पीसी चालू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत रीस्टार्ट व्हायचा, एकदा का टिकला की दिवसभर ठीक. पावसाळा, रॅम ४४ अंशांवर, सकाळ असो की दुपार, सारखंच. म्हणजे हा उकाडा नव्हे. झेनटायमिंग्ज नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू असलेले सगळे आकडे एका खिडकीत दाखवतं. एप्रिलपासून मी प्रत्येक अपडेटच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो. जुना आणि नवा शेजारी ठेवले. मी टाइप केलेले सगळे आकडे जसेच्या तसे, पण जे "ऑटो"वर सोडले होते त्यातले तीन बदललेले: दोन रॅमच्या सिग्नलच्या रेझिस्टन्सचे, आणि पॉवर डाउन (काम नसताना रॅमला झोपवणारं सेटिंग), जे आधी चालू होतं ते आता बंद.

इथे थोडी माहिती. दरवेळी पूर्ण ट्रेनिंग केलं तर चालू व्हायला फार वेळ जातो, म्हणून मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचं सेटिंग मागच्या वेळचं ट्रेनिंग जसंच्या तसं वापरतं. ते चालू आणि पॉवर डाउन बंद, ही जोडी एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, बऱ्याच जणांना रडवते. पॉवर डाउन हातानं चालू केलं, रेझिस्टन्स जुन्या आकड्यांवर बांधले, रीस्टार्ट गेले. हा त्रास बायोसचाच होता. "ऑटो" म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याचं त्या आवृत्तीतलं मत, आणि मतं बदलतात.

मग अपडेट टाकूच नये का, असं शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्यानं विचारलं. त्याला २०२३ च्या एप्रिलची आठवण करून दिली. तेव्हा काही रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी मालिकेतले, जळाल्याचं उघडकीला आलं होतं, आणि एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड देत असलेलं जास्तीचं एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) त्याच्याशी जोडलं गेलं. नव्या बायोसनं ते १.३ व्होल्टवर रोखलं. तेव्हा ज्यांनी अपडेट टाळला त्यांनी फार मोठा धोका पत्करला. माझं एसओसी मी १.२ वर हातानं ठेवलंय, त्यात ६००० आरामात चालतं. एक्स्पो चालू केल्यावर हा एक आकडा मात्र स्वतः बघाच.

रॅमला गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो स्टिकवरच्या पत्र्यासाठी. दिसायला देखणा, पण चिपला नीट चिकटलेला वाटत नाही. पंखा बांधला नसता तर पुढचा मे निघाला नसता. ६४०० च्या मागे लागू नका. त्या वेगाला मेमरी कंट्रोलर बरोबरीनं चालेलच असं नाही आणि निम्म्या वेगावर उतरला तर ६००० बरं होतं म्हणायची वेळ येते. माझा ६२०० लाच कुरकुरला, मी तिथेच सोडलं.

सध्याचे आकडे हवे असणाऱ्यांसाठी: ६०००, ३०-३८-३८-९६ एक्स्पोचेच, टी-आरएफसी ४८०, टी-रेफी ३२,७६७, एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) २०००, रॅम १.३५ व्होल्ट, एसओसी १.२. आंधळेपणानं टाइप करू नका, तुमच्या चिप वेगळ्या असतील. तपासाल तेव्हा वर्षातल्या सगळ्यात वाईट दुपारी, ग्राफिक्स कार्डला कामाला लावून तपासा.

सप्तपदी दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स्पोर्ट करून स्वतः मूर्तिजापूरला नेऊन दिली, जेवूनच सोडलं त्यांनी. चौथा अपडेट मागच्या आठवड्यात आलाय. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे, झेनटायमिंग्जचा स्क्रीनशॉटही काढलाय. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी टाकायचा की फेब्रुवारीपर्यंत थांबायचं, यावर घरात दोन मतं आहेत आणि बिटलॉकरची की दुसऱ्या पक्षाकडे आहे.