टीएलएसचा धडा कोणत्या सालचा? नेटवर्क सिक्युरिटीच्या व्हिडिओ कोर्सचा वर्षभराचा अनुभव

परवा मेल आला: तुमच्या कोर्सची वैधता संपत आली आहे, निम्म्या किमतीत नूतनीकरण करा. सवलतीत तीन हजारांच्या आसपास भरले होते, आता तेच व्हिडिओ पुन्हा बघायला दीड हजार मागतायत. मी भरणार नाही. कारण सविस्तर लिहितो, कारण विक्रीच्या पानावरचे पाच तारे बघून हा कोर्स घेणाऱ्याला ही गोष्ट कळायला मार्गच नाही.

माझी मूळ तक्रार एकच आहे. एकाही धड्यावर तो कधी चित्रित झाला याची तारीख नाही.

गणिताच्या धड्याला तारीख नसली तर काही बिघडत नाही. प्रोटोकॉलचं तसं नाही. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइटमधली वाहतूक कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल. त्याची १.२ ही आवृत्ती आली २००८ मध्ये. १.३ आली ऑगस्ट २०१८ मध्ये, आरएफसी ८४४६ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचा अधिकृत दस्तऐवज). १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये रीतसर बाद झाली. शिकवणारा यातल्या कुठल्या टप्प्यावर उभा राहून बोलतोय हे माहीत नसेल, तर शिकणारा जुनी गोष्ट आजची समजून डोक्यात पक्की करतो.

कोर्समधला टीएलएस हँडशेकचा, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीचा, धडा तासाभराचा आहे. सुरेख शिकवलाय. क्लायंटचा (म्हणजे ब्राउझरचा) क्लायंट हॅलो, सर्व्हर हॅलो, मग सर्टिफिकेट, मग क्लायंट एक गुप्त संख्या सर्व्हरच्या पब्लिक कीनं बंद करून पाठवतो, त्यातून दोघांची सेशन की बनते. शेवटी प्रात्यक्षिक: वायरशार्कला, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सर्व्हरची प्रायव्हेट की द्यायची, की पकडलेली सगळी वाहतूक उघडी. स्क्रीनवर ते बघताना फार छान वाटतं.

घरी उबंटूवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावून हेच केलं. की दिली, पण काहीही उघडलं नाही. आणि सर्टिफिकेटचा संदेश तर दिसतच नव्हता. सर्व्हर हॅलोनंतर थेट ‘ॲप्लिकेशन डेटा’च्या ओळी सुरू. त्यात भर म्हणजे वायरशार्कच्या प्रोटोकॉलच्या रकान्यात टीएलएस १.३, आणि क्लायंट हॅलो उघडून आत पाहिलं तर आवृत्ती लिहिलेली १.२.

सपोर्टला स्क्रीनशॉटसकट विचारलं. उत्तर आलं: ब्राउझरची कॅश साफ करा आणि व्हिडिओ पुन्हा चालू करून पाहा. पुन्हा लिहिलं की व्हिडिओ नीट चालतोय, आतला मजकूर जुना आहे, चित्रीकरणाचं साल सांगा. त्यावर ‘आमचा सर्व मजकूर नियमितपणे अद्ययावत केला जातो’ असं उत्तर देऊन तिकीट बंद केलं. पैसे भरलेल्या माणसाला साधं साल सांगायचं नाही, याचा मला आजही राग आहे.

उत्तर शेवटी आरएफसीत मिळालं. ती फुकट वाचता येते, पहिल्या पानावर महिना-वर्ष छापलेलं असतं आणि तिनं कोणत्या जुन्या आरएफसी रद्द केल्या तेही तिथंच असतं. ८४४६ च्या डोक्यावर स्पष्ट लिहिलंय की ५२४६, म्हणजे टीएलएस १.२ ची आरएफसी, तिनं रद्द केली. धड्यातली ती पब्लिक कीनं गुप्त संख्या बंद करून पाठवण्याची पद्धत, म्हणजे आरएसएची की-देवाणघेवाण, १.३ मध्ये काढूनच टाकली आहे. प्रत्येक जोडणीसाठी दोन्ही बाजू डिफी-हेलमन या पद्धतीनं तात्पुरत्या किल्ल्या बनवतात. त्यामुळे उद्या सर्व्हरची प्रायव्हेट की चोरीला गेली, तरी आज रेकॉर्ड करून ठेवलेली वाहतूक तिनं उघडत नाही. माझं प्रात्यक्षिक फसण्याचं कारण हेच, आणि तोच या बदलाचा सगळ्यांत मोठा फायदा आहे. सर्टिफिकेट दिसत नाही कारण सर्व्हर हॅलोनंतरचं सगळं कूटबद्ध जातं. पूर्वीच्या दोनऐवजी एकाच फेरीत काम होतं. आणि आत १.२ लिहिलेलं असतं ते वाटेतल्या जुन्या फायरवॉलसाठी. नवा आकडा दिसला की त्यातल्या काही जोडणीच तोडायच्या, म्हणून खरी आवृत्ती ‘सपोर्टेड व्हर्जन्स’ नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये ठेवली. हा एवढा रंजक इतिहास आणि कोर्समध्ये त्याचा एक शब्द नाही!

ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी: ‘एसएसएलकीलॉगफाइल’ (SSLKEYLOGFILE) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एका फाइलचा पत्ता द्या आणि त्यानंतर फायरफॉक्स किंवा क्रोम सुरू करा. ब्राउझर सेशनच्या किल्ल्या त्या फाइलमध्ये लिहीत जातो. वायरशार्कच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोटोकॉलच्या यादीत टीएलएस निवडून तीच फाइल दाखवा, म्हणजे १.३ सुद्धा उघडतं आणि सर्टिफिकेटही दिसतं. हे फक्त सरावाच्या मशीनवर करा. ती फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची ती सगळी सेशन्स वाचता येतात.

इथवर माझं मत साफ होतं की कोर्स टाकाऊ आहे. पुढच्या दोन विभागांनी ते बरंच बदललं.

पहिला आयपीसेकचा, म्हणजे व्हीपीएनची वाहतूक कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलचा. आमच्याकडे शाखा-शाखांमध्ये साइट-टू-साइट व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून बांधलेले कूटबद्ध बोगदे, आहेत, काही फायरवॉल इतके जुने की आयकेईची (आयपीसेकच्या किल्ल्या ठरवणाऱ्या प्रोटोकॉलची) पहिली आवृत्तीच चालते. ती एप्रिल २०२३ मध्ये बाद ठरली, तरी जागेवर आहे ते सांभाळावंच लागतं. मेन मोडचे सहा संदेश, क्विक मोडचे तीन, आणि दुसऱ्या आवृत्तीत तेच काम चार संदेशांत कसं बसवलं, हे सरांनी कॅप्चर समोर ठेवून एकेक करून दाखवलंय. यूडीपी ५०० वरून बोलणं ४५०० वर का सरकतं, म्हणजे मध्ये नॅट (वाटेत पत्ते बदलणारा राउटर) आला की काय होतं, हे मला त्याआधी इतकं स्वच्छ कुणीही सांगितलं नव्हतं. एका शाखेचा बोगदा सारखा पडायचा, त्याचं कारण मला या धड्यामुळे सापडलं. या एका विभागाचे हजार रुपये मी आनंदानं देईन.

दुसरा वायफायचा. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीच्या चार संदेशांच्या हँडशेकमधला तिसरा संदेश पुन्हा पाठवला की वापरात असलेली की नव्यानं बसवली जाते आणि पाकिटांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. २०१७ चा ‘क्रॅक’ (KRACK) हल्ला यावरच उभा आहे, आणि सरांनी तो कागद-पेन घेऊन समजावलाय. पुढची आवृत्ती डब्ल्यूपीए३ मात्र दोन मिनिटांत उरकलंय.

याच सुमारास कोर्सच्या चर्चेत स्वतः सरांचं उत्तर आलं. टीएलएसचा धडा १.३ येण्याआधी रेकॉर्ड केलेला आहे, आणि नवा भाग त्यांनी बनवून देऊ केलाय, असं त्यांनी सरळ लिहिलं. सोबत दोन परिच्छेदांत १.३ चा फरकही दिला, अगदी अचूक. त्या दिवसापासून माझा सरांवरचा राग गेला. त्यांच्या शिकवण्याला तोड नाही. राग आहे तो कंपनीवर, जी तो नवा भाग चढवत नाही, जुन्यावर साल टाकत नाही आणि नूतनीकरणाचे पैसे मात्र वेळेवर मागते.

दीड हजारांचं मी वेगळं काहीतरी करेन. एईएस, आरएसए, डिफी-हेलमन या कूटबद्धतेच्या पद्धतींचं गणित एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट शिकता येतं, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. गती संथ आहे, वही घेऊनच बसावं लागतं, पण पाया पक्का होतो. त्याच्या जोडीला वायरशार्क आणि आरएफसी, दोन्ही विनामूल्य.

तरीही कुणाला हाच कोर्स घ्यायचा असेल, आणि आयपीसेकवर काम करणाऱ्यानं सवलतीत जरूर घ्यावा, तर पैसे भरण्याआधी टीएलएसच्या धड्याचा मोफत नमुना उघडा. सर्व्हर हॅलोनंतर सर्टिफिकेटचा संदेश उघडा दिसत असेल आणि हे जुन्या आवृत्तीचं आहे असं कुठेही म्हटलेलं नसेल, तर तो भाग अजून बदललेला नाही. कालपर्यंत तरी नव्हता.