पद्मिनीला बॅटरी कटऑफ स्विच बसवला, पहिला काढून टाकला, दुसरा एक नंबर

आमच्याकडे आण्णांची ८६ची प्रीमिअर पद्मिनी आहे, टिळकवाडीत घराच्या बाजूच्या शेडमध्ये असते, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, भर पावसाळ्यात तिला बाहेर काढणं होतच नाही. मग गणपतीच्या तोंडावर काढायला जावं तर बॅटरी पूर्ण उतरलेली, ढकला चार जण मिळून. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. लेड ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी होत नाही.

शेवटी मल्टीमीटर घेऊन बसलो. निगेटिव्ह केबल काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये लावला, चावी बंद, दारं बंद, तरी ०.२२ अँपिअर ओढतच होती. म्हणजे दिवसाला पाच एएचच्या (अँपिअर-अवर) वर, ३५ एएचची बॅटरी आठवड्यात खल्लास. थोडं लीकेज स्टिरिओच्या वायरीत सापडलं ते बंद केलं, पण राहिलेलं चाळीस वर्षांच्या वायरिंगमध्ये कुठं कुठं शोधणार, म्हणून कटऑफ, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी वायरिंगपासून तोडून ठेवणारा स्विच.

पहिला घेतला तो पितळी, बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा, वर हिरवा नॉब फिरवायचा. १८० रुपयाला मिळाला. तो कुणीही घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर आमच्या बॅटरीचं टर्मिनल बारीकवालं आणि स्विच जाड टर्मिनलचा, दुकानदारानं पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवून दिला. महिन्याभरात सेल्फ मारला की इंजिन खर्र खर्र करून थांबायला लागलं, आणि लगेच हात लावला तर पितळ चांगलंच गरम! अशा गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, कॉन्टॅक्ट जरा ढिला असला तरी तिथंच सगळी ताकद जाते.

पण खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या इलेक्ट्रिशियननं आधी स्टिरिओ बसवला होता (नाव घेत नाही) त्यानं स्टिरिओची बारीक काळी अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला बांधली होती आणि कटऑफ लावताना ती तशीच राहिली. मी विचारलं होतं तर म्हणाला एन आगूदिल्ल री (काही होत नाही हो), राहू दे की. एक दिवस स्विच बंद आहे हे विसरून मी सेल्फ मारला. जाड केबल स्विचनं तोडलेली, मग सेल्फचा सगळा करंट बॉडीतून स्टिरिओत आणि तिथून त्या बारक्या वायरीतून परत बॅटरीत जायला लागला. दोन सेकंदात वायरीचं प्लास्टिक वितळून धूर, तो वास अजून आठवतो. आण्णा मागच्या सीटवर होते हो. त्यामुळे कृपा करून लक्षात ठेवा, बॅटरीच्या निगेटिव्हवर एकच केबल पाहिजे, ती स्विचला, आणि बाकी झाडून सगळ्या अर्थ वायरी स्विचच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला.

दुसरा घेतला तो लाल चावीवाला, फिरवून चावी बाहेर काढता येते. ४५० रुपये. १०० अँपिअर कायमचे आणि ५०० थोड्या वेळासाठी असं वर छापलंय. स्विचइतकाच खर्च केबलवर केला, ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, आणि लग (केबलच्या टोकाला बसतात त्या टोप्या) हातोड्यानं ठोकून नाही तर उद्यमबागमध्ये एका वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घेतले, वर स्लीव्ह. ब्रॅकेट पण तिथंच वाकवून मिळाला. बेळगावात हे एक सुख आहे, असली कामं करणारा माणूस दोन गल्ल्या सोडून सापडतोच. काम करणाऱ्या दादांनी सेल्फ मारताना स्विचच्या दोन्ही टोकांना मीटर लावून दाखवलं, ०.१ व्होल्ट. ०.२च्या वर गेलं तर कुठंतरी जोड कच्चा आहे म्हणून समजा.

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात १२.६ व्होल्टवर बंद करून ठेवली, सात आठवड्यांनी बघितलं तर १२.४, आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू. आण्णांचा चेहरा बघायला पाहिजे होता!

तक्रार म्हटलं तर दोनच. स्टिरिओचे स्टेशन दर वेळी परत लावावे लागतात, आणि चावीचं प्लास्टिक हलकं आहे, एक जास्तीची घेऊन ठेवा. आणि इंजिन चालू असताना हा स्विच कधीच बंद करू नका, आमच्या गाडीला नंतर अल्टरनेटर बसवलाय, चालू गाडीत बॅटरीचं कनेक्शन तुटलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. रेसिंगच्या गाड्यांचे जास्तीच्या कॉन्टॅक्टवाले स्विच येतात त्याच कारणासाठी, आपला साधा स्विच त्या कामाचा नाही.

आता निपाणीच्या मामांच्या मॉरिस मायनरला पण बसवायचाय. तिच्यात पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीची निगेटिव्ह नाही तर पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली, म्हणजे स्विच पॉझिटिव्ह केबलमध्ये जाणार. नियम तोच, जी बाजू बॉडीला जाते ती तोडायची, म्हणजे काम करताना पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. मामांना फोनवर हे तीनदा सांगितलंय, तरी केबल घेऊन मी स्वतःच रविवारी जाणार आहे.