दाते-कर्वे आणि मोल्सवर्थ, दोन्ही शब्दकोश मोबाईलवर फुकट: वापरून बघितलं, कसं वाटलं

जुनं काही वाचायला घेतलं की दर पानाला एक-दोन शब्द अडतात आणि आपण अंदाजाने पुढे ढकलतो, बरोबर ना? मी पण तेच करायचो. आधी एक फुकटातलं डिक्शनरी अ‍ॅप टाकलं होतं (नाव घेत नाही), त्यात अर्थ कमी न जाहिराती जास्त, आणि अर्थ म्हणून काय तर एका शब्दाला दुसरा शब्द. मग कुणीतरी शिकागो विद्यापीठाचं डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया हे संकेतस्थळ सांगितलं. लॉगिन नाही, पैसे नाहीत, मराठीचे चांगले चार-पाच कोश एकाच ठिकाणी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझ्यांचा आहे, आणि ज्ञानेश्वरी-लीळाचरित्र वाचणाऱ्यांसाठी तुळपुळे-फेल्डहाउसांचा जुन्या मराठीचा पण.

आता उदाहरण. बहिणाबाईंचं 'वढाय' आपल्याकडे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, जळगावचं पोरगं झोपेत पण म्हणेल, पण मास्तरांनी अर्थ सांगितला 'चंचल' आणि विषय संपला. वढाय म्हणजेच ओढाळ, तो शब्द कोशात काढा. ओढाळ म्हणजे कळप सोडून दुसऱ्याच्या शेतात घुसणारं ढोर. तिथून मी लोढण्यावर गेलो. ओढाळ गुराने पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात जो लाकडाचा ओंडका बांधतात ते लोढणं, म्हणजे आपण 'गळ्यात लोढणं पडलं' म्हणतो ते मुळात खरंखुरं लाकूड आहे! आजीला सांगितलं तर ती म्हणे, त्यात काय एवढं, आपल्या गोठ्यात होतं की एक. एका शब्दावरून दुसऱ्यावर असं जात गेलं की रात्रीचे बारा कधी वाजतात कळत नाही, घरचे म्हणतात काय बघू राहिला एवढं मोबाईलमध्ये.

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी तर ठेवाच. शिलेदार आणि बारगीर मी कितीतरी वर्षं एकच समजून वाचत होतो, पण शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराला तो सरकारातून, म्हणजे पगारापासून मानापर्यंत सगळाच फरक.

दोघांत निवडायचं तर मी दाते-कर्वे म्हणेन. 1932 पासून खंड निघाले, सात आणि वर एक पुरवणी. अर्थ मराठीतूनच, शब्द जुन्या ग्रंथात कुठे आलाय ते उदाहरणासकट, कुठल्या भागातला आहे ते पण बऱ्याच ठिकाणी कंसात. मोल्सवर्थ इंग्रजीत आहे, पण हा कंपनी सरकारचा लष्करी साहेब शब्द कोण कधी कसा वापरतं ते इतकं बारीक लिहून ठेवतो की नुसतं वाचायला पण मजा येते. अर्थात एकट्याचं काम नव्हे, कँडी बंधू आणि बरेच शास्त्री मंडळी होती सोबत.

एक सांगून ठेवतो, नाहीतर शब्द सापडत नाही म्हणून वैतागून सोडून द्याल. हे दोन्ही कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे, म्हणून 'लोढणे' नाही, 'लोढणें', शेवटी अनुस्वार टाकून बघायचं. शब्द नसेलच मिळत तर अर्थाच्या मजकुरात पण शोधता येतं, तो पर्याय भारी आहे.

आणि अहिराणीच्या आशेने जाऊ नका भो. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठा (सगळा) हे आपले रोजचे शब्द, त्यासाठी डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश वेगळा आहे, तो घ्या. धुळ्याकडचे असाल तर इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा धातुकोश पण माहीत असावा, क्रियापदं कुठून आली ते सांगतो, सगळ्या व्युत्पत्ती पटतीलच असं नाही, काही तर लईच ओढून आणलेल्या वाटतात, पण माणसाचा आवाका बघून गप्प बसायला होतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बारीक टाइपसाठी, मोबाईल आडवा धरला की जरा बरं दिसतं, चष्मेवाल्यांनी सरळ कॉम्प्युटरवरच उघडा.