नव्या असेंबल्ड पीसीवर लिनक्स मिंट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, घरातला नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला. पार्ट मीच जोडले होते: एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, साधा कॅबिनेट आणि २२ इंची मॉनिटर. या प्रोसेसरमध्ये व्हेगा ग्राफिक्स आधीच असल्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. सगळं मिळून ३७ हजारांच्या आत बसलं. (रॅमचे भाव त्यानंतर बरेच चढलेत, त्यामुळे आज हा हिशेब जुळणार नाही.) पहिल्या दिवसापासून त्यावर लिनक्स मिंट आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. मी, बायको, मुलगी आणि वडील असे चौघे तो वापरतो.

दुकानात बिल होत असताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर, विंडोज टाकून देऊ का? त्याचे वेगळे पैसे नाहीत." वेगळे पैसे नाहीत म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी नको म्हटलं. मी शाळेत शिकवतो. वर्गात कॉपी करू नका म्हणून सांगायचं आणि घरी मुलीसमोर चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं, हे मला जमणार नव्हतं. दुसरं कारण निव्वळ व्यवहाराचं. चोरीचं विंडोज चालू करणारी, क्रॅकची छोटी फाइल चालवण्यासाठी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ती कोणी बनवली, आत काय भरलंय, कोणालाच ठाऊक नसतं. आणि त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

मग सरळ विकत घ्यावं का? विंडोज ११ होमचं रिटेल लायसन्स दहा हजारांच्या आसपास जातं, म्हणजे माझ्या मशीनच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. ओईएम, म्हणजे नव्या मशीनबरोबर द्यायचं, लायसन्स स्वस्त पडतं, पण ते मदरबोर्डला बांधलेलं असतं; बोर्ड बदलला की गेलं. पाचशे-सातशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या 'की' अनेकदा कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधून फोडून विकलेल्या असतात. त्या आज चालतात, उद्या बंद पडू शकतात, आणि तेव्हा तक्रार करायला कोणी नसतं.

पैसे वाचवायचे म्हणून डोळे झाकून लिनक्सकडे जाणंही मला बरोबर वाटत नव्हतं. म्हणून पार्ट जोडण्याआधी वहीचं एक पान घेतलं आणि घरातलं कोण कॉम्प्युटरवर नेमकं काय करतं ते लिहिलं. माझं: प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, सरल आणि यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदी. मुलीचं: तंत्रनिकेतनचा अभ्यास, सी प्रोग्रॅमिंग. आण्णांचं, म्हणजे वडिलांचं: यूट्यूबवरची कीर्तनं आणि मराठी टायपिंग. बायकोचं: दोन दुकानांचे हिशेब, टॅलीवर. पहिल्या तिघांच्या कामात विंडोजवाचून अडेल असं काही निघालं नाही. चौथ्याचं संपूर्ण काम विंडोजवरच अडलेलं, कारण टॅली विंडोजसाठीच बनतं. बायकोकडे जुना लॅपटॉप होता, त्याच्याबरोबर आलेलं अस्सल विंडोज १० होतं. टॅली तिथेच ठेवायचं ठरलं. तो लॅपटॉप नसता तर मी दहा हजार मोजले असते, आणि त्याचं वाईटही वाटलं नसतं.

लिनक्सचे अनेक प्रकार मिळतात, मग मिंटच का? सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स आहे, ते २००७ पासून चालू आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर वर्षानुवर्षं उबुंटू या लिनक्सवर बेतलेल्या प्रणालीवर शिकताहेत; शिक्षक म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण माझ्या घरात ७१ वर्षांचे आण्णा होते. त्यांना डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी आणि उजवीकडे घड्याळ हवं होतं. मिंटचं सिनॅमन डेस्कटॉप अगदी तसंच दिसतं. शिवाय मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत.

इन्स्टॉल करणं सोपं गेलं. मिंटची जवळपास तीन जीबीची आयएसओ फाइल जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, रुफस नावाच्या प्रोग्रॅमने तिचा पेनड्राइव्ह बनवला आणि आधी त्यावरूनच मिंट चालवून पाहिलं. एसएसडीवर काहीही न लिहिता आवाज, पडदा, यूएसबी सगळं तपासता येतं. ही पायरी कोणीही गाळू नये. ग्राफिक्ससाठी काहीच टाकावं लागलं नाही, एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. प्रत्यक्ष इन्स्टॉलला वीसेक मिनिटं लागली. वाटेत 'मल्टिमीडिया कोडेक्स' असा एक चौकोन येतो, त्यावर टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत.

अडलं ते वायफायपाशी. यूएसबीचा जो डाँगल आणला होता, त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट पीसीला दिलं, ते मिंटने लगेच ओळखलं. मग ड्रायव्हर कंपाइल केला, तर सिक्युअर बूटमुळे तो लोड होईना; ही सोय ओळख नसलेला ड्रायव्हर अडवते. त्यासाठी की नोंदवावी लागते: रीस्टार्ट केल्यावर एक निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून आपणच दिलेला पासवर्ड टाकायचा. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी राउटरपासून १५ मीटरची लॅन केबल ओढली आणि डाँगल परत केला. आता कोणी विचारलं तर सांगतो: डाँगल घेण्याआधी त्याच्या चिपचं नाव शोधा, आणि ती लिनक्सवर थेट चालते का ते बघून मगच पैसे द्या.

आता आण्णांविषयी, कारण हे मशीन सगळ्यात जास्त तेच वापरतात. आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटातून, त्यांनी किती फेऱ्या मारल्या याची गणती नाही. त्या आठवणी लिहायचं त्यांच्या मनात खूप दिवसांपासून होतं. मी सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट (देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी) चालू केला आणि कीबोर्डवर देवनागरी स्टिकर लावले. फोनेटिक सोपं पडेल असं मला वाटत होतं, पण आण्णांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणं पटेना. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. 'क' वर शिफ्ट दाबलं की 'ख', 'ग' वर 'घ', 'ल' वर 'ळ'. बाराखडी पक्की असलेल्या माणसाला हे चटकन कळतं. महिनाभरात त्यांचा हात बसला. 'दऱ्या' मधला र मात्र त्यांना येईना, 'दर्या' उमटायचं, आणि घाटाच्या आठवणीत हा शब्द पानोपानी. शिफ्ट दाबून वेगळा 'ऱ' घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा, हे दाखवल्यावर त्यांनी आधीची सगळी पानं बसून दुरुस्त केली.

एके दिवशी त्यांनी हाक मारली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा ल आपला नाही." मी बघितलं आणि गप्प झालो, कारण त्यांचं खरं होतं. अक्षर हिंदी वळणाचं होतं, श सुद्धा. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श २००९ च्या शासन निर्णयातही आहेत, मी तेच फळ्यावर गिरवून घेतो, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. उपाय असा: लिबरऑफिसच्या (मिंटबरोबर येणाऱ्या, वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रॅमच्या) पर्यायांत जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नोंदीतली भाषा हिंदीऐवजी मराठी करायची, आणि ज्यात मराठी रूपं दिलेली आहेत असा फाँट घ्यायचा. आम्ही लोहित मराठी टाकला, तो मिंटच्या भांडारातून फुकट मिळतो. पान डोळ्यांसमोर बदललं. आण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. आजवर त्यांची १४० पानं झाली आहेत.

माझ्या कामात लिबरऑफिस ऐंशी टक्के पुरतं. वर्डच्या साध्या फाइल नीट उघडतात, पण तक्ते आणि चौकटी भरलेल्या परिपत्रकांची मांडणी सरकते. मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलींवर विसंबू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसेल तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. डीटीपीचा व्यवसाय असेल तर मिंटकडे वळू नका असंच मी म्हणेन. आमचा जुना लेझर प्रिंटरही चालला नाही, त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढलेलाच नाही. प्रिंट लॅपटॉपवरून काढतो.

मुलीची काहीच तक्रार नाही. सी प्रोग्रॅम कंपाइल करणारं जीसीसी एका आज्ञेत आलं, पायथन आधीपासून होतं. दिवाळीत आलेल्या भाच्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं, ते लिनक्सवर चालत नाही. त्याची अँटी-चीट प्रणाली विंडोज मागते. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातले विंडोजचे बरेच गेम प्रोटॉन नावाच्या सोयीमुळे चालतात, पण घरात गेमच मुख्य असतील तर ही निवड चुकेल.

जुलैत एकदा घाबरलो होतो. कर्नलचं अपडेट चालू असताना वीज गेली आणि नंतर मशीन काळ्या पडद्यावरच थांबू लागलं. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबच्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूतून जुना कर्नल निवडला, आत गेलो आणि टाइमशिफ्टने आदल्या दिवसाची स्थिती परत आणली. अर्ध्या तासात सगळं जागेवर. पण टाइमशिफ्ट फक्त प्रणाली सांभाळतं, आपल्या फाइली नाही. आण्णांचं लिखाण मी दर रविवारी दोन पेनड्राइव्हवर उतरवतो. त्याच आठवड्यात वाचलेल्या दहा हजारांतून ६०० व्हीएचा यूपीएस आणला. सप्टेंबरमध्ये मिंट २२.१ वरून २२.२ वर गेलो, तेव्हा तो शेजारी होता म्हणून निर्धास्त होतो.

राहिला बायकोचा लॅपटॉप. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, विंडोज ११ त्याला घेत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत तो नोंदवला आहे, त्यामुळे ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट येत राहतील. त्याआधी एकतर टॅलीसाठी विंडोजचं लायसन्स घेऊन या पीसीत दुसरी एसएसडी लावायची, नाहीतर दोन्ही दुकानदारांना टॅली क्लाउडवर न्यायला तयार करायचं. बायकोचा कल पहिल्याकडे आहे. हिशेब तिचे आहेत, त्यामुळे तेच होईल.