रास्पबेरी पाय ४०० : मराठी लेखनासाठी छोटा संगणक

कीबोर्डच्या पोटातच अख्खा संगणक बसवलेले रास्पबेरी पाय ४०० हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आले. डिसेंबर २०२४ मध्ये ५०० ही त्याची अधिक ताकदवान पुढची आवृत्ती आली असली, तरी लेखन, संपादन, पत्रव्यवहार आणि थोडेफार वाचन एवढ्याच कामांसाठी संगणक हवा असलेल्या माणसाला मी आजही ४०० घ्यायला सांगेन. मात्र हे यंत्र पेटीतून काढले आणि मराठीत लिहायला बसले, असे होत नाही. वीजपुरवठा आणि साठवण यांत काटकसर चालत नाही, आणि देवनागरीची घडी ज्याची त्यालाच बसवावी लागते. ही समीक्षा मुख्यतः त्या घडीविषयी आहे, कारण वेगाचे आकडे सांगणाऱ्या समीक्षा पुष्कळ आहेत आणि मराठी माणसाला अडतो तो मुद्दा त्यांत सहसा येत नाही.

वरून पाहता हा पांढरा आणि खालच्या बाजूने लालसर असा आटोपशीर कीबोर्ड आहे. मागच्या कडेला दोन मायक्रो-एचडीएमआय, तीन यूएसबी, इथरनेट, मायक्रो-एसडी कार्डाची फट आणि वीज घेण्यासाठी यूएसबी-सी अशी जोडण्यांची रांग आहे. आत १.८ गिगाहर्ट्‌झचा, चार कोअरचा कॉर्टेक्स-ए७२ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. ही रॅम नंतर वाढवता येत नाही. पंखा नाही. प्रोसेसरवर बसवलेली धातूची मोठी पट्टी उष्णता पसरवते आणि त्यामुळे यंत्र पूर्णपणे निःशब्द चालते. तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की प्रोसेसर आपला वेग आवरू लागतो, पण लेखनाच्या कामात ऐन उन्हाळ्यातही तेथपर्यंत मजल जात नाही. हेडफोनसाठी गोल पिनची जागा मात्र दिलेली नाही. आवाज एचडीएमआय, यूएसबी किंवा ब्लूटूथ यांपैकी एका वाटेने घ्यावा लागतो, आणि हे गैरसोयीचे आहे. कळा लॅपटॉपच्या कळांसारख्या उथळ आहेत आणि दीर्घ लेखनाला पुरेशा चांगल्या आहेत.

आता विजेकडे वळू, कारण या संगणकाच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. यंत्राला ५ व्होल्टला ३ अँपिअर क्षमतेचा पुरवठा लागतो. कंपनीचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्टचा आहे. तो वरचा दशांश वायरमध्ये होणारी घट भरून काढण्यासाठी ठेवलेला आहे. घरात पडलेला मोबाइलचा जलद चार्जर जोडला तरी काम भागेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु असे चार्जर आपली खरी ताकद ९ किंवा १२ व्होल्टला देतात, आणि तीही फोनने मागितल्यावर. हा संगणक तशी मागणी करत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला ५ व्होल्टला अनेकदा २ अँपिअरच येतात आणि त्या व्होल्टेजपैकीही काही बारीक वायरमध्ये खर्ची पडते. एका नावाजलेल्या फोनच्या चार्जरवर माझे यंत्र सुरू झाले, डेस्कटॉपही आला. पण ब्राउझर उघडताच अक्षरे उशिरा उमटू लागली आणि यूएसबीला लावलेली डिस्क मधूनच नाहीशी होऊ लागली. दोष सॉफ्टवेअरचा वाटावा अशीच ही सगळी लक्षणे होती.

अशा वेळी निदान अंदाजाने करावे लागत नाही, हा या यंत्राचा मोठा गुण आहे. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की संगणक स्वतः त्याची नोंद करतो आणि पडद्यावर इशारा देतो. इशारा नजरेतून सुटला, तरी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा दिली की एक आकडा मिळतो. उत्तर ०एक्स० आले तर सर्व ठीक आहे. ०एक्स५०००५ आले, तर शेवटचा ५ सांगतो की या क्षणी वीज कमी पडत असून वेग कमी केलेला आहे, आणि सुरुवातीचा ५ सांगतो की संगणक सुरू केल्यापासून असे घडलेले आहे. ०एक्स५०००० आले, तर त्रास होऊन गेला आहे पण आत्ता नाही. कोणतीही अन्य दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी हा आकडा पाहावा. चांगला अडॅप्टर जोडल्यावर माझ्या यंत्रावरची वरील सारी लक्षणे एकदम थांबली.

साठवणीसाठी मायक्रो-एसडी कार्डावर भागते, पण लेखन हाच व्यवसाय असेल तर यूएसबी ३ च्या निळ्या तोंडाला एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी जलद डिस्क) जोडणे मला आवश्यक वाटते. प्रोग्रॅम उघडण्याचा वेग तर वाढतोच, शिवाय सततच्या लिहिण्याने कार्ड झिजण्याची धास्ती राहत नाही. यातही एक खाच आहे. एसएसडी आणि यूएसबी यांच्यामध्ये जो छोटा अडॅप्टर लागतो, त्यांपैकी काही अडॅप्टर यूएएस नावाच्या जलद पद्धतीशी लिनक्सवर, म्हणजे या यंत्राच्या प्रणालीवर, नीट वागत नाहीत. डिस्क काही क्षण गोठते आणि सगळे यंत्र थांबल्यासारखे वाटते. त्यावरचा उपाय सर्वज्ञात आहे : बूट विभागातील, म्हणजे संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या भागातील, ‘सीएमडीलाइन’ (cmdline.txt) या फाइलमध्ये त्या अडॅप्टरचा ओळख-क्रमांक देऊन त्याच्यापुरती जुनी, सावकाश पद्धत लावायची. ही फाइल संपादताना सारा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. चुकून एंटर दाबले गेले तर पुढचा भाग वाचलाच जात नाही आणि संगणक सुरू होण्यास नकार देऊ शकतो. तसे झाले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण हा बूट विभाग साध्या फॅट पद्धतीचा असतो. कार्ड किंवा डिस्क काढून शेजारच्या कोणत्याही विंडोज संगणकाला लावावी, फाइल नोटपॅडमध्ये उघडावी आणि ओळ जोडून घ्यावी. इतक्या सहज उघडता येणारी दुरुस्तीची खिडकी महागड्या लॅपटॉपांतही मिळत नाही.

आणखी एक, वरकरणी असंबद्ध वाटणारी गोष्ट : यूएसबी ३ च्या उपकरणांतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट होतो, आणि वाय-फायही त्याच पट्ट्यावर असेल तर डिस्क चालू असताना नेट मंदावते. डिस्क लांब वायरने दूर ठेवावी किंवा राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा.

या यंत्रावर चालणारी रास्पबेरी पाय ओएस ही डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली प्रणाली आहे. मे २०२० पर्यंत ती रास्पबियन या नावाने ओळखली जाई. तिचा डेस्कटॉप नीटनेटका आणि हलका आहे, आणि प्रेफरन्सेसमधून पॅनेल वर की खाली, चिन्हे केवढी, अक्षरे केवढी हे सारे काही मिनिटांत बदलता येते. मोठ्या, मध्यम आणि लहान पडद्यांसाठी तयार मापेही दिलेली आहेत. दृष्टी अधू झालेल्या वाचकांनी मोठ्या पडद्याचे माप लावून पाहावे, सारे घटक प्रमाणात वाढतात.

याच्या पुढे जाऊन डेस्कटॉप खरोखर आपलासा करू पाहणाऱ्यास मात्र एक अडचण येते, आणि ती निर्मात्यांच्या धोरणातून आलेली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मटर, ऑक्टोबर २०२३ मध्ये वेलँड या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या नव्या व्यवस्थेसह वेफायर, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लॅबडब्ल्यूसी असा खिडक्या सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम तीन वर्षांत तीनदा बदलला. प्रत्येक बदलामागे सबळ तांत्रिक कारण होते, आणि लॅबडब्ल्यूसी जुन्या, लहान पाय संगणकांवरही चालत असल्याने ही निवड मला योग्य वाटते. तरीही संगणक सुरू होताच एखादा प्रोग्रॅम आपोआप उघडावा, एवढी साधी सोय आधी एलएक्ससेशनच्या फोल्डरात, मग वेफायरच्या एका फाइलमध्ये आणि आता लॅबडब्ल्यूसीच्या ‘ऑटोस्टार्ट’ फाइलमध्ये करावी लागते. जुने मार्गदर्शन वाचून केलेला बदल काहीही चूक न दाखवता निष्फळ ठरतो, आणि नवशिक्याला आपलेच काही चुकले असे वाटत राहते. म्हणून कोणतीही सूचना अमलात आणण्यापूर्वी ती ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे ना, हे अवश्य पाहावे. लॅबडब्ल्यूसीची स्वतःची मांडणी मात्र सुटसुटीत आहे : ‘कॉन्फिग’ फोल्डरातील ‘लॅबडब्ल्यूसी’ या एकाच जागी कळांच्या जोड्या, खिडक्यांचे रूप, कीबोर्डची भाषा हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलींत राहते. त्या एका फोल्डराची प्रत जपली की नव्या कार्डावरही ही सारी मांडणी परत मिळते.

मराठी टंकलेखनाची सुरुवात याच फोल्डरातील ‘एन्व्हायर्नमेंट’ फाइलपासून करावी. लेआउटच्या ओळीत अमेरिकी इंग्रजीचे ‘यूएस’, मग स्वल्पविराम आणि मग भारताचे ‘आयएन’ लिहावे. व्हेरियंटच्या ओळीत आरंभीच स्वल्पविराम देऊन त्यानंतर ‘मराठी’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहावा. तो आरंभीचा स्वल्पविराम म्हणजे इंग्रजीसाठी सोडलेली रिकामी जागा. तो राहून गेला तर मराठीची मांडणी इंग्रजी लेआउटला चिकटते आणि काहीच चालत नाही. भाषा पालटण्याची कळजोडीही तेथेच ठरवता येते. यातून मिळते ती इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी. तीत ‘र’च्या कळेवर शिफ्टसह ‘ऱ’ आहे. त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र नीट उमटतो. ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह ‘ळ’ मिळतो. या पद्धतीत एका कळेतून एकच वर्ण निघतो, म्हणून ‘ज्ञ’ किंवा ‘क्ष’ तुकड्यातुकड्याने टंकावे लागतात. सवय झाल्यावर हे जाणवतही नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये सारखीच चालते.

गमभन किंवा रोमन उच्चारानुसार लिहिण्याची सवय असणाऱ्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टंकनाच्या प्रोग्रॅमांपैकी एक आणि त्यासोबत एम१७एन हा निरनिराळ्या भाषांच्या टंकन-पद्धतींचा संच बसवावा लागतो. त्यात गमभनची पद्धतही आहे. येथे वेलँड आडवे येते. निरनिराळे प्रोग्रॅम हा मजकूर निरनिराळ्या मार्गांनी स्वीकारतात, त्यामुळे लिब्रेऑफिसमध्ये मराठी उमटते आणि ब्राउझरमध्ये रोमनच राहते, असे घडू शकते. त्याच्याशी झटापट करत बसण्यापेक्षा रास्पी-कॉन्फिग या प्रणालीची मांडणी बदलण्याच्या प्रोग्रॅमच्या प्रगत पर्यायांत जाऊन वेलँडऐवजी एक्स११ ही जुनी व्यवस्था निवडावी. डेस्कटॉपचे रूप जवळपास तेच राहते आणि उच्चारानुसारी लेखन सुरळीत होते. मूळ यंत्रणाच बदलणे कोणाला ओबडधोबड वाटेल, पण रोज लिहिणाऱ्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन.

फॉन्टची बाब यापेक्षा सोपी आणि अधिक आनंदाची आहे. देवनागरी फॉन्ट नसेल तेथे अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. नोटो किंवा लोहित बसवला की प्रश्न मिटतो, आणि मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्तासारखा मोकळा फॉन्ट ‘.लोकल’मधील शेअर फोल्डरच्या ‘फॉन्ट्स’मध्ये नुसता ठेवला तरी पुरते. त्यानंतर लिब्रेऑफिसच्या भाषा-पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’साठी मराठी ही भाषा निवडण्यास विसरू नये. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे जाऊन मराठी पाठ्यपुस्तकांतली वळणे येतात. आपल्या अक्षरांचे आपले वळण एवढ्या स्वस्त यंत्रावर पाहताना मला मनापासून समाधान वाटते. टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटलेल्या दिसतात. फाइलचे नाव मराठीत असेल तर ते तेथे चुकीचे भासते, पण प्रत्यक्षात ते बिघडलेले नसते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

ब्राउझर हीच या यंत्राची मर्यादा आहे. चार-सहा टॅबपर्यंत ४ जीबी रॅम पुरते. त्यापुढे धाप लागते. व्हिडिओही ७२० रेषांवर ठेवावा. ज्यांचे काम दिवसभर ब्राउझरमध्येच चालते त्यांनी ८ जीबीचे ५०० घ्यावे. छपाईसाठी पानांची जड मांडणी करणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

याउलट गावातील वाचनालय किंवा शाळा यांच्यासाठी मी ४०० ची विशेष शिफारस करते. वीज कमी लागत असल्याने ते छोट्या इन्व्हर्टरवर दीर्घकाळ चालते. मध्येच वीज गेली तर चालू लेखनात फाइल-व्यवस्था बिघडण्याचा धोका असतो, त्यासाठी रास्पी-कॉन्फिगमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ हा पर्याय आहे. तो सुरू केला की सारे बदल केवळ रॅममध्ये राहतात आणि संगणक पुन्हा सुरू करताच डेस्कटॉप पूर्ववत होतो, मग मुलांनी काहीही हलवलेले असो. देवनागरीची घडी आधी पूर्ण बसवावी, मगच हा पर्याय लावावा, आणि मुलांचे लेखन साठवण्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह द्यावा.